पालथ्या हरिश्चंद्राची जबानी

डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस पालथं झोपायचं. आत बुडबुडा भरलाय, तो पडदा दाबून धरतो. मान वर केलीत की तो भलतीकडे जाईल. मी त्यांना सांगितलं, एकाहत्तर वर्षं मी ताठ मानेने जगलो आहे. ते म्हणाले, मग आता पुरे.

तेव्हा मी पडवीतल्या खाटेवर पालथा पडलो. कपाळ उशीवर, नाकाखाली फरशी. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यात पिकलेला मोतीबिंदू. त्याला माणसं पावलांवरून जेमतेम ओळखू यायची. मे महिना. घाम नाकाच्या शेंड्यावर जमून फरशीवर टपकायचा.

आणि उशाशी इन्स्पेक्टर थॅकवुडचं सत्ताविसावं आणि शेवटचं पुस्तक. आधीची सव्वीस मी बंदराच्या कचेरीत कारकुनी करताना टेबलाच्या खणात उघडी ठेवून वाचली. गुडघेदुखीने बेजार झालेला हा इन्स्पेक्टर, आणि दर पुस्तकात इंग्लंडातल्या कुठल्यातरी गावात कमरेएवढा बर्फ. या खेपेला तो निवृत्त होणार होता. मुलाने मुंबईहून फोनवर पुस्तक वाचून दाखवणारी बाई लावून दिली, पण ती इंग्रजांचं इंग्रजी बोलायची. मला छापलेलं इंग्रजी कळतं, इंग्रजांच्या तोंडातलं नाही.

"गोदाबाईंना बोलावते," माझी बायको काशी म्हणाली.

"त्यापेक्षा मी आंधळा झालेला बरा."

"डॉक्टरांनी तोही पर्याय सांगितलाय," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

गोदाबाई आमच्या शेजारी. त्यांनी चौतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि एकोणीस वर्षं माझ्याशी अबोला धरला. कारण क्षुल्लक. एका पावसाळ्यात दोन घरांमधला चिऱ्यांचा गडगा ढासळला, तो मी पुन्हा रचला. रचताना तो दोन हात त्यांच्या बाजूला सरकला. चिरे जड असतात, माणूस दमतो, होतं असं. त्यांच्या सासूबाईंनी लावलेला रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, त्यामुळे माझ्या आवारात आला, आणि हद्दीचा दगड तेव्हापासून कोणाला दिसला नाही. सरकारी मोजणीदार दोनदा येऊन "जुनी खूण दाखवा" म्हणून परत गेला होता. आता तिसऱ्यांदा तो गुरुवारी यायचा होता. खूण सापडली नाही तर प्रकरण बंद, रातांबा माझा.

असं असताना गोदाबाई माझ्यासाठी पुस्तक वाचायला आल्याच कशा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. थॅकवुडला पडला असता.

फरशीवर दोन पावलं येऊन थांबली.

"हरिश्चंद्रराव, असेच राहा. शोभतंय. एकोणीस वर्षांत तुमची मान खाली गेलेली पहिल्यांदा बघतेय."

"बाई, वाचायचं तर वाचा."

"सुरुवात करा म्हणा. 'वाचा' हे मी म्हणते, विद्यार्थ्याला."

त्या वाचत होत्या म्हणजे वह्या तपासत होत्या. एका मेजरचं प्रेत त्याच्याच अंगणात बर्फात सापडतं. आजूबाजूला फक्त त्याच्या स्वतःच्या बुटांचे ठसे. संशयित चार : पाद्री, पुतण्या, स्वयंपाकीण आणि पोस्टातली बाई. दर दोन वाक्यांमागे गोदाबाईंचा शेरा मराठीत.

"हा मेजर लुच्चा. शेजारणीच्या जागेवर डोळा असणार."

"असं लिहिलंय?"

"मला वास येतो."

काशी आतून हसली. माझ्या घरात, माझ्या मेजरला.

सोमवारी मला उलगडा झाला. "पोस्टातली बाई!" मी उशीत तोंड खुपसून ओरडलो. "तिनेच मारला. मेजरचे बूट पायात घालून ती बर्फातून आली-गेली, म्हणून दुसरे ठसे नाहीत!"

पान उलटायचा आवाज थांबला. पुस्तक त्या रोज घरी न्यायच्या आणि पहिल्याच दिवशी पूर्ण वाचून बसल्या होत्या.

"चूक," त्या म्हणाल्या.

रत्नागिरीतले निम्मे वकील नि डॉक्टर या एका शब्दाने घडलेत. मी त्यांच्या वर्गात कधी नव्हतो, तरी माझा कान आपोआप गरम झाला. सव्वीस पुस्तकांत माझा एकही अंदाज चुकला नव्हता. निदान मला आठवत नव्हता.

बुधवारी सकाळी एकच प्रकरण उरलं. बाईंनी पुस्तक मिटलं.

"आता दगड."

"कसला दगड?"

"हद्दीचा. कुठे आहे ते सांगा, मग खुनी कोण ते वाचते."

"बाई, हे म्हणजे थॅकवुडला ओलीस ठेवणं झालं."

"हो."

"पंधरा दिवस सरले की माझा मी वाचेन."

"कशातून? शेवटचं प्रकरण आज चुलीत जाईल. पुस्तक फाडणाऱ्याला मी चौतीस वर्षं वर्गाबाहेर काढलं. आज माझी मी जाईन बाहेर."

"काशी, ऐकतेस ना?"

"ऐकतेय," काशी म्हणाली. "मलाही कळू दे, खुनी कोण ते."

मी हार मानली नाही. जेवण होईतो पडल्या पडल्या विचार केला.

"पुतण्या."

"चूक."

"पाद्री. त्याचा हात थरथरतो म्हणून लिहिलंय."

"तो दारू पितो म्हणून थरथरतो. चूक."

"मग स्वयंपाकीण!"

"चूक. आणि आता मी निघते. काशी, काड्यापेटी दे गो."

काड्यापेटीचा खुळखुळ आवाज माझ्या कानाशी झाला. इकडे थॅकवुड गुडघा धरून बर्फात उभा, त्याचं सगळं आयुष्य एका प्रकरणावर टांगलेलं. तिकडे एक झाड, तेही आंबट.

"न्हाणीच्या चुलीखाली," मी फरशीला सांगितलं.

मग काशीची पावलं जवळ आली.

"अंघोळीचं पाणी तापवते त्या चुलीखाली? एकोणीस वर्षं मी त्यांच्या हद्दीवर जाळ घालतेय?"

"दगड हलवलेला नाही मी," मी म्हणालो. "उपटून टाकणं गुन्हा आहे. वर चूल मांडणं नाही."

"शिंचा," गोदाबाई म्हणाल्या आणि पुस्तक काखोटीला मारून निघून गेल्या. शेवटचं प्रकरण उद्या, मोजणीनंतर, हे दारातूनच सांगितलं.

गुरुवारी मी जे पाहिलं ते एवढंच : मोजणीदाराचे बूट आले, गेले. मग मागच्या अंगणातून पहारीचे घाव. काशीचं "इथे, इथे." ही कोणाच्या बाजूने होती ते माझ्या लक्षात आलं. चूल फुटल्याचा आवाज, मग टेप ओढल्याची सरसर, आणि मोजणीदार मोठ्याने म्हणाला, "दोन हात कसले, सव्वादोन." दहा मिनिटांत रातांबा पलीकडे गेला. झाडं हलत नाहीत म्हणतात, ते खोटं.

संध्याकाळ व्हायच्या आत गोदाबाई आल्या. शब्दाच्या पक्क्या. राखेने माखलेल्या पावलांनी खुर्चीत बसल्या आणि शेवटचं प्रकरण वाचलं. थॅकवुड सगळ्यांना शेकोटीभोवती बसवतो. पाद्री सुटतो, पुतण्या सुटतो. आणि मग तो मेजरचे बूट टेबलावर ठेवतो आणि पोस्टातल्या बाईकडे वळतो.

मला आधी ऐकू आलं ते पटलं नाही.

"बाई, हे तर मी सोमवारी सांगितलं होतं!"

"सांगितलं होतंत. बुटांसकट."

"तुम्ही चूक म्हणालात."

"म्हणाले."

"शिक्षिका असून खोटं बोललात?"

"माझं नाव काही हरिश्चंद्र नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पुस्तक माझ्या पाठीवर ठेवलं, टेबलावर ठेवावं तसं, आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मी मान वर करणार होतो. बुडबुडा आठवला, केली नाही. फरशीकडे बघतच म्हणालो, "काशी, मुलाला फोन लाव. वकील बघायला सांग. आजारी माणसाकडून दबावाखाली घेतलेली जबानी आहे ही. मी अपील करणार."

"करा ना," काशी म्हणाली. "पण उद्या तुमच्या अंघोळीचं पाणी कुठे तापवू, ते आधी सांगा."