नळाखालची नावं

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटला, वस्तऱ्याने दाढी करणाऱ्या आम्हा हौशी मंडळींच्या शेडच्या भिंतीवर एक पितळी नळ ठोकलाय. त्यातून पाणी येत नाही. वस्तरा धुताना ज्याने पातं नळावर आपटलं, त्याचं नाव त्याखाली खडूने लिहायचं, ही आमची रीत. लिहिण्याचं काम माझं. गेल्या वर्षी आमच्यातल्या गेलचं नाव मी हातभर अक्षरांत लिहिलं, आणि वर दिवसभर तिला 'नळवाल्या बाई' म्हणून छळलं. माझी जीभ मुळातच लांब.

यंदा ती चूक माझ्या हातून झाली, आणि तीही लेनचा वस्तरा धुताना.

लेन हा क्लेम टॉनकिनचा धाकटा भाऊ. लेन वारल्यापासून क्लेम वर्षातून एकदा, आमच्या जूनच्या मेळाव्यात, सगळ्यांसमोर त्याच्या वस्तऱ्याने दाढी करतो. धार स्वतःच लावायचा. यंदा मोतीबिंदूमुळे त्याला धड धारेचा दगडही दिसेना, म्हणून त्याने वस्तऱ्याची डबी माझ्या हातात ठेवली. "दुसऱ्या कुणाला दिली नसती," एवढंच म्हणाला. धार लावायला मला त्यानेच शिकवलं होतं.

धार झकास लागली. घरी गालावर एकदा फिरवून पाहिली, बेसिनमध्ये वस्तरा धुवायला घेतला आणि टिंग! पडलेली खाच मी दोन दिवस घासून काढली. पण भिंगातून पाहिलं तर धारेपासून वर चढलेली केसाएवढी रेघ. ओरखडा असेल, अशी मी मनाची समजूत घातली. तो ओरखडा नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी डबी परत देताना तोंडातून शब्द फुटला नाही. लाज वाटली, दुसरं काय.

मेळाव्याच्या शनिवारी सकाळी शेडमध्ये पंधरा-एक माणसं होती. क्लेमने फेस लागू नये म्हणून कानातलं ऐकायचं यंत्र काढून खिशात टाकलं आणि खुर्चीत बसला. धार लावणाऱ्याने खांद्यावर टॉवेल टाकून शेजारी उभं राहायचं असतं. मी उभा राहिलो.

"काय रे रॉडी," क्लेम म्हणाला, "माझ्या मयताला आल्यासारखा काय उभायस?"

सगळे हसले. "कधी नव्हे तो गप्प आहे," गेल चहा ओतत म्हणाली, "राहू दे की तसाच."

क्लेमने पातं कातडी पट्ट्यावर परजलं आणि सवयीने नखाने टिचकी मारली. धडक्या पात्यातून अशा वेळी बारीक सूर निघतो. इथे नुसतं थड झालं. क्लेमला ते ऐकू आलं नाही. गेलची किटली मात्र हवेतच थांबली. तिने पात्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

डावा गाल झाला. उजवा झाला. इतके दिवस टिकलंय, अजून पाच मिनिटं टिकेल, मी स्वतःला सांगत होतो. तेवढ्यात क्लेमने मान मागे टाकली, गळ्याची सैल कातडी बोटांनी ताणली आणि वस्तरा टेकवला.

"थांब!"

त्याला ऐकू गेलं नाही. वस्तरा धरलेल्या हाताला हात लावायचा नसतो. मी पंजा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. तो थांबला.

"काय झालं?"

"मी तो नळावर आपटलाय."

"आं?" त्याने खिशातून यंत्र काढून कानात घातलं. "पुन्हा बोल."

मला ते पुन्हा बोलावं लागलं. "आपटलाय, क्लेम. पात्याला चीर गेलीय. मला माहीत होतं."

त्याने टॉवेल माझ्या खांद्यावरून ओढून घेतला, त्यात पातं धरून अंगठ्याने हलकेच दाबलं. कट् आवाज झाला. नखाएवढा तुकडा टॉवेलात पडला. क्लेमने तो डबीत ठेवला, वर उरलेला वस्तरा ठेवला, झाकण लावलं. या सगळ्याला त्याला खूप वेळ लागला.

"गळा राहिलाय," तो म्हणाला. "तुझा वस्तरा आण."

"क्लेम, मी..."

"आण म्हणतोय ना."

मी आणला. पातं उघडून त्याच्या गळ्याशी नेलं.

"आधी हात थांबव. मला घाई नाही."

मागे खडूचा आवाज आला. गेल नळाखाली माझं नाव लिहीत होती, बारीक अक्षरांत. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हात थांबला तेव्हा मी वस्तरा टेकवला. क्लेमची दाढी मी आजवर कितीदा तरी केलीय. माझा हात लागला की तो डोळे मिटायचा, कधी कधी चक्क घोरायचा. त्या दिवशी मात्र शेवटचा फेस निघेपर्यंत तो ते धुरकट डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होता.