अजून कच्ची

मला इम्रोकाकाने घडवलं, हे मी नाकारत नाही. पण आता त्याला अहो-जाहो करावंसं वाटत नाही.

नित्रा शहराजवळच्या आमच्या कारखान्यात मोटारींच्या दिव्यांची प्लॅस्टिकची कवचं बनतात. मी त्यांच्या कडा कापायचे. यंत्रावर साचा कसा चढवायचा, पाण्याच्या नळ्या कशा जोडायच्या, कवच करपून निघालं तर तापमान किती उतरवायचं, हे सगळं आमच्या सकाळपाळीचा तंत्रज्ञ असलेल्या काकाने शिकवलं. पुढे त्याची पाठ दुखायला लागली, तेव्हापासून सगळे साचे मीच बदलू लागले. तो शेजारी कॉफी पीत बसायचा. पगार मात्र कडा कापणारीचाच.

दुपारपाळीला तंत्रज्ञाची जागा निघाली. कारखान्याचे व्यवस्थापक हुडाक साहेब, त्यांनी समोर उभं राहून माझ्याकडून साचा बदलून घेतला. पहिलंच कवच चोख निघालं, तरी जागा बाहेरच्या माणसाला मिळाली.

त्याच आठवड्यात काकाचा नामदिन होता, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस; आमच्याकडे तो वाढदिवसासारखा साजरा होतो. मी मेली दुःखातही त्याच्यासाठी आलुबुखारची दारू घेऊन गेले. पाहुणे पांगल्यावर तो म्हणाला, "तोंड पाडून बसू नकोस, ओतिलिया. साहेबांना तू पसंत होतीस."

"मग अडलं कुठे?"

"त्यांनी मला विचारलं, एकटीला जमेल का. मी म्हटलं, अजून कच्ची आहे."

"काका, चढली का तुम्हाला?"

"अगं, तू गेलीस तर माझ्याजवळ कोण? मी निवृत्त झालो की माझी जागा तुझीच."

हे त्याने असं सांगितलं, जणू मला बक्षीसच देत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गेल्या वर्षी रात्रपाळीची जागा हुकली, तेव्हाही तुम्हालाच विचारलं होतं?"

त्याने आपला पेला पुन्हा भरला.

"मी तुमच्या खांद्यावर रडले होते. तुम्ही म्हणालात, साहेबांना बायकांचं वावडं आहे."

"मग दुसरं काय सांगणार होतो?"

वर्षभर मी त्या साहेबांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्यांच्यासमोर जाऊन आता हे सगळं सांगायचीही लाज वाटली. सोमवारी एवढंच म्हटलं, मला दुपारपाळीला टाका, कडा कापायलाही चालेल. त्यांनी नवल केलं, पण सही केली.

पाळी सुटल्यावर फाटकापाशी काकाने गाठलं. चेहरा उतरला होता. क्षणभर वाटलं, माफी मागेल.

"ओतिलिया," तो म्हणाला, "आता माझे साचे कोण बदलणार?"