दोन तासांचा एक

विभागप्रमुखांनी वेळापत्रक टेबलावर पसरलं, तेव्हा रसायनशास्त्र विभागात आणखी दोघीच होत्या: कायम नोकरीतली प्राध्यापिका आणि तासिकेवर शिकवणारी तिची नणंद.

"मॅडम, एक तुकडी बंद झाली. तुमचा वर्कलोड तेरावर आला," प्रमुख प्राध्यापिकेला म्हणाले. कायम शिक्षकाचे आठवड्याला सोळा तास भरले नाहीत, तर तो अतिरिक्त ठरतो आणि त्याची बदली होते. "तीन कुठून तरी काढायला हवेत."

कुठून, ते नणंदेला कळलं. तिच्याकडे नऊ होते: तीन व्याख्यानं आणि सहा तास प्रॅक्टिकल. सहाच्या खाली गेलं की नेमणूक संपली. सलग सात वर्षं नेमणूक असली तर कायम पदासाठी अर्ज करता येतो. हे तिचं सातवं वर्ष होतं.

"माझी व्याख्यानं मॅडमना द्या, सर. त्यांचे सोळा होतील, माझे सहा राहतील."

भावजयीने कागद स्वतःकडे ओढला. "तो पेपर मी कधी शिकवलेला नाही. मला प्रॅक्टिकल द्या."

"प्रॅक्टिकलचे दोन तास तुम्हा कायम शिक्षकांकडे एकच धरतात. तीन भरायला हिचे सहाच्या सहा घ्यावे लागतील."

"घेते."

"मग हिच्याकडे तीनच उरतात."

"नवा पेपर तयार करायला माझ्याकडे वेळ कुठे आहे, सर? परीक्षा माझ्याकडे, प्रवेश समिती माझ्याकडे. आधीच लोड काय कमी आहे?"

नणंद हसली. "वहिनी, लोड भरत नाही म्हणून माझे तास घेताय, आणि लोड जास्त आहे म्हणून त्यातले सोपे निवडताय. एक काय ते ठरवा."

"कॉलेजात मॅडम म्हणायचं."

"त्याचे तास धरत नाहीत."

"भांडण घरी," प्रमुख म्हणाले आणि खाडाखोड करू लागले. "पद गेलं की परत मिळत नाही. तासिकेला माणसं मिळतात." हे ते कागदाकडे बघून म्हणाले.

संध्याकाळी जेवताना भावाने विषय हसण्यावारी नेऊन पाहिला. तो मालाच्या गोदामात सुपरवायझर होता. "आमच्याकडे लोड म्हणजे ट्रकातला माल. जास्त झाला की दुसरा ट्रक मागवायचा. तुमचा लोड भरला तरी भांडण, नाही भरला तरी भांडण."

"दादा, तुझ्या बायकोने माझा ट्रक रिकामा केलाय."

"तिची बदली झाली असती तर हे घर कुणी चालवलं असतं? तुझी वर्षं काय, पुन्हा पहिल्यापासून मोजतील."

"मी अडतीसची आहे."

नणंद भावजयीकडे वळली. "त्या पेपरची माझी टिपणं तयार आहेत. सगळी देते. उद्या सरांना सांगा, व्याख्यानं घेते म्हणून. दोघी राहू."

भावजय घास चावत होती. तो गिळल्यावर म्हणाली, "तुझ्या टिपणांवर शिकवू? मुलं म्हणतील, नणंदेचं वाचून दाखवते."

"म्हणू देत की."

"तुला काय जातंय म्हणायला!"

"माझं सातवं वर्ष जातंय, वहिनी."

"आवाज खाली," भाऊ म्हणाला. कुणाला, ते त्याने सांगितलं नाही. भावजयीने भाजीचं भांडं उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच नणंद कारकुनासमोर उभी राहिली. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली आणि रसायनांची यादी तिने पुढे ठेवली. नोकरी सोडताना कायम शिक्षक भरून देतात तो 'कार्यभार सोपवल्याचा' छापील अर्जही तिने भरून आणला होता.

कारकुनाने किल्ली घेतली, यादी घेतली. अर्ज उलटसुलट पाहून परत केला.

"हा तुम्हाला लागत नाही, मॅडम. तासिकेवाल्यांकडे कार्यभार नसतो."

"सहा वर्षं होते मी इथे."

"हो, पण तास होते. कार्यभार नव्हता."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही," कारकून म्हणाला. "यायचं बंद करायचं."