चतुराबाईची जबानी

लातुरात महादेवप्पा सरांच्या क्लासचं जेवढं नाव होतं, तेवढाच गेटवरच्या चतुराबाईचा धाक होता. दहा गार्ड तिच्या हाताखाली. क्लासच्या होस्टेलातल्या पोरींच्या पेट्या उपसणं, मोबाईल हिसकावणं, भेटायला आलेल्या आईबापांना उन्हात ताटकळत ठेवणं, सगळं ती सरांच्या शब्दाखातर करी. भूकंपात तिचं घरदार गेलं, तेव्हा सरांनीच तिला कामाला ठेवलं होतं.

दर रविवारी सर आणि आणखी चौघं मागच्या खोलीत दार लावून बसत. बाहेर पहाऱ्याला चतुराबाई. आत काय चालतं, हे तिनं बारा वर्षांत विचारलं नव्हतं.

बारावीची परीक्षा चालू होती. हजेरीची वही आणायला त्या खोलीत गेलेल्या धर्माबादच्या पुनमला टेबलावर दुसऱ्या दिवशीचा फिजिक्सचा पेपर दिसला. तिनं तो उचलला.

सरांनी चतुराबाईला बोलावलं. "त्या धर्माबादच्या पोरीला स्टोअरमध्ये कोंडलंय. तिच्याकडून पेपर काढून घे. परीक्षा संपेस्तोवर सोडायचं न्हाई."

"अन् तिची परीक्षा?"

"तू दार सांभाळ."

स्टोअरच्या दारामागून पुनम ओरडत होती, "मावशी, जीव गुदमरून राहिलाय!"

चतुराबाईच्या अंगाचा भडका उडाला. भूकंपात तिची लेक मातीखालून अशीच दुपारपर्यंत हाका मारत होती. तिनं कडी काढली, पोरीचा हात धरला आणि तडक अंगणात आली.

सर आडवे आले. "रस्त्यावरून उचलून आणलं तुला! विसरलीस?"

"आणलं, अन् कुत्र्यासारखं दाराला बांधलं!" ती कडाडली. "लेकरं कोंडायला लावता? हटा!"

सरांनी गार्डांना हाक मारली. चतुराबाईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "गेट उघडा." दोघांनी मान खाली घालून गेट उघडलं.

पेपर घेऊन त्या दोघी ठाण्यावर गेल्या. फिजिक्सची परीक्षा पुढं ढकलली गेली. पुनमनं ती दिली आणि पास झाली. पाचही जणांना अटक झाली, पण महिन्याभरात सर जामिनावर सुटले. क्लासला नवी पाटी लागली. तिथं पुन्हा पोरींची रांग लागलेली पाहून चतुराबाई रस्त्यात उभी राहून शिव्या घालत सुटली.

कोर्टात सरांच्या वकिलानं विचारलं, "बारा वर्षं दाराशी उभ्या होतात. तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?"

"मला माहीत करून घ्यायचंच नव्हतं," ती दात आवळून म्हणाली. "लिहा तसंच."