कोरडी शिवण

तुलुगाकने कयाक काठावर ओढली आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

"आत पाणी येतंय. शिवण बघ."

त्याच्या बायकोने, अलासीने, कयाक पालथी केली. सीलच्या कातड्याची ही लांबट, वरून झाकलेली, एकट्याने बसायची होडी तिनेच वसंतात शिवली होती, कातड्याच्या आरपार सुई न जाऊ देता, दुहेरी टाक्यांनी. तिने सगळ्या शिवणींवरून बोट फिरवलं. मग ती सरळ करून चार बादल्या पाणी आत ओतलं आणि खाली गुडघे टेकून वाट पाहिली. पाण्याने एवढं जड होऊनही कातडं एक थेंब सोडेना.

दुसऱ्या कुणा बाईला बरं वाटलं असतं. अलासीला नाही वाटलं. कारण नवऱ्याचे बूट कोरडे होते, पायमोजे कोरडे होते, आणि पाय मात्र बर्फासारखे गार पडले होते.

तुलुगाकचा बाप समुद्रावरच गेला होता. वादळात वगैरे नव्हे. वाऱ्याची झुळूकही नसलेल्या, आकाश आणि पाणी एकच होऊन गेलेल्या दिवशी. कयाक सरळ तरंगताना सापडली, भाला जागच्या जागी, वल्हं आडवं ठेवलेलं, आणि माणूस नाही. सासू निविआक त्याबद्दल कधी बोलायची नाही. फक्त समुद्र असा निपचित पडला की ती तंबूचं दार पाडून बसायची आणि चहाला हात लावायची नाही.

पुढचा निपचित दिवस आला तेव्हा अलासी रानफळं तोडायच्या निमित्ताने टेकडीवर चढली. खाली उजेडात तुलुगाकची कयाक एका रेघेएवढी दिसत होती. ती हलत नव्हती. बदकांचा थवा अगदी वल्ह्याजवळून पोहत गेला. त्याने हात उचलला नाही. सीलने समोर डोकं वर काढलं, आरामात इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा बुडी मारली. तरी तो तसाच. अलासीला ओरडावंसं वाटत होतं, पण एवढ्या लांबून ऐकू गेलं नसतं, आणि गेलं असतं तर दचकून तो उलटला असता. फळांचं भांडं हातात धरून ती नुसती उभी राहिली. दुपार कलल्यावर वारा सुटला, पाण्यावर सुरकुत्या पडल्या, आणि मगच ते वल्हं हललं.

त्या संध्याकाळी तिने सरळ विचारलं, "पाणी येत नाही ना?"

त्याने कोरडे बूट काढून बाजूला ठेवले. मग म्हणाला, "येतं. पायापासून कंबरेपर्यंत चढत येतं, गार. वर-खाली काही कळत नाही. खाली तळच नाही असं वाटतं. मान वळवली तर मी गेलो. बस्स, वारा येईपर्यंत बसायचं."

"मग कनू घे. मी पुढे बसते."

"शिकारीला? बायकोला घेऊन?" तो हसला, पण त्याचे ओठ पांढरे होते. "कुणाला सांगू नकोस. आईला तर नाहीच."

कनू म्हणजे व्यापाऱ्याकडून आणलेली कॅनव्हासची होडी, वरून उघडी, दोघातिघांची. बायकापोरं तिच्यातून अंडी आणायला नाहीतर जाळी काढायला जात. पुरुषांना तिचं नाव काढलं की हसू फुटायचं.

आणि परवा बेटांची सफर होती. हिवाळ्यासाठी सील आणायचे, तीन दिवस, प्रत्येकजण आपापल्या पाण्यात एकटा. चहाच्या वेळी तुलुगाकचा चुलतभाऊ पाउलुसी नेहमीसारखा पेटला.

"यंदा कोण ते कनूचं तपेलं घेऊन येणार? वल्हं मारलं की ढबढब, सीलला वाटतं पाव्हणे आले."

"पण मांस किती मावतं बघ त्यात," अलासी पटकन म्हणाली. "तू मागल्या खेपेला अर्धा सील बेटावरच टाकून आलास."

"ऐकलंस का तुलुगाक? तुझी बायको तुला तपेल्यात घालून नेणार!" सगळे खदखदले. "बोल, काय घेतोस? तपेलं की कयाक?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. अलासीही.

"कयाक," तुलुगाक म्हणाला.

सासूने कप खाली ठेवला. बाहेर धूर सरळ काठीसारखा वर चढत होता. पुढचे दिवस असेच बिनवाऱ्याचे जाणार, हे पोरांनाही दिसत होतं.

निघायच्या सकाळी अलासी शिवणींना चरबी चोळायला बसली. हे बायकोचं काम, कुणी लक्ष देत नाही. कयाक काठावरच गळायला हवी होती. चार टाके सोडवले तर गळती खोल पाण्यात गेल्यावर कळायची, म्हणजे आपणच त्याला मारायचं. जास्त सोडवले तर सुरी दिसायची. एवढ्या वर्षांत तिच्या शिवणीला कुणी नाव ठेवलं नव्हतं, दुसऱ्या तळावरच्या बायका टाके बघायला यायच्या. तिने अर्धचंद्री सुरीचं टोक दुमडीत घातलं आणि वीतभर दोरा कापला. वर भरपूर चरबी थापली. मग सुरी गवतात पुसून पिशवीत टाकली.

तुलुगाक काठाच्या उथळ पाण्यात कयाकमध्ये बसला आणि क्षणात उठला. आत भराभर पाणी शिरत होतं. खरं पाणी. त्याने कंबरेकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि त्याला काहीच कळेना.

"अरे, चाळणी शिवलीय का वहिनीने!" पाउलुसी ओरडला. पण कुणी हसलं नाही. गळकी कयाक हा हसण्याचा विषय नव्हता. एक बाई दुसरीच्या कानात काही बोलली. अलासी मान खाली घालून उभी राहिली. तिचे कान जळत होते.

निविआक काठी टेकत आली. वाकली. शिवणीवरची चरबी पुसून तिने दोऱ्याच्या टोकांवरून अंगठा फिरवला, एकदा, मग हळूच पुन्हा. तुटलेला दोरा पिंजतो, कापलेला नाही, हे त्या अंगठ्याला कुणी शिकवायला नको होतं. अलासीने ओळखलं, हिला कळलं. आता म्हातारी सगळ्यांदेखत बोलणार.

निविआक उभी राहिली.

"हिला शिवता येत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्या लेकाला बुडवलं असतं हिने. सगळ्या शिवणी नव्याने घालायला वेळ कुठाय? कनू काढा. आणि जिने भोक ठेवलं तीच वल्हं मारायला जाईल. हात दुखू देत तिचे!"

कनू पाण्यात लोटली गेली. तुलुगाक मागे बसला, अलासी पुढे. चहाचं गाठोडं देण्याच्या मिषाने सासू गुडघाभर पाण्यात आली आणि सुनेच्या कानाशी वाकली.

"तुझे सासरेही सांगायचे मला, पाणी येतंय म्हणून," ती म्हणाली. "आणि मी प्रत्येक वेळी आणखी घट्ट शिवून द्यायचे."

तिने कनूला जोरात धक्का दिला आणि वळून न बघता काठावर गेली.

बेटं अजून लांब होती तेव्हा वारा पुरता पडला. समुद्र आणि आकाश मिळून गेले. अलासीला स्वतःलाच आपण कशावर तरंगतोय ते कळेना. आणि मागचं वल्हं थांबलं. तिने मान वळवली नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता, आखूड आखूड, धापेसारखा.

तिने वल्हं उचललं आणि पात्याच्या सपाट बाजूने पाण्यावर सण्णकन मारलं. मग पुन्हा. पाणी फुटलं, लाटा उठल्या, कनू डुलायला लागली. लांबवर दोन सील बुडी मारून पसार झाले.

"ए बाई!" पाउलुसी पुढून खेकसला. "शिवता येत नाही, वल्हवता तरी येतं का? सगळे सील पळवलेस!"

"नाही येत!" अलासी ओरडली. मागून वल्ह्याचा आवाज पुन्हा येईपर्यंत ती पाणी बडवतच राहिली.