मडक्यातलं जिवंत पाणी

मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बुवांनी एक कोरडं ठणठणीत मडकं उलटं करून दाखवलं, त्यात सर्वांसमोर उकळून गार केलेलं पाणी ओतलं आणि तोंडाला फडकं बांधलं.

"वादळानं पाणी मारलं, आम्ही ते जिवंत करू! उद्या पाणी हलेल. असं मडकं उशाशी उघडं ठेवा, ताप पळालाच!"

दुसऱ्या दिवशी पाण्यात बारीक जीव वळवळत होते. मडक्यांवर लोकांची झुंबड उडाली.

कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारी ताई तीन आठवड्यांनी भावाकडे गेली, तर वहिनी तापानं फणफणलेली आणि उशाशी तेच मडकं. ताईनं मडक्यात डोकावून पाहिलं. पायांवर पांढरे पट्टे असलेला एक डास वादळानंतर शहरात पहिल्यांदाच सापडला होता, आणि ताप पसरवण्यात तो पटाईत होता.

"दादा, डॉक्टर कुठंय?"

"बुवा म्हणाले, औषधानं पाणी रुसतं."

"अरे, या डासांच्या अळ्या आहेत!"

"तुला सगळीकडे किडेच दिसतात."

ताईनं वहिनीला रिक्षात घालून आधी इस्पितळ गाठलं, मग मैदान. बुवांच्याच ढिगातली दोन मडकी उचलून एक तिनं आतून काथ्यानं खसाखसा घासलं, दुसरं तसंच ठेवलं. दोन्हींत उकळून गार केलेलं पाणी ओतलं, वर फडकी बांधली आणि लोकांनाच राखणीला बसवलं.

सकाळी पाहिलं, तर घासलेल्या मडक्यातलं पाणी स्वच्छ, निश्चल. दुसऱ्यात वळवळ.

"घासून शक्ती काढली बाईनं!" बुवा ओरडले.

"शक्ती नव्हे, अंडी." ताईनं एक कोरडं मडकं आणि भिंग इस्पितळातून आलेल्या भावाच्या हाती दिलं. आत काळे ठिपके चिकटले होते. "ही मडकी वादळाच्या साचल्या पाण्यात पडली होती. पाणी आटलं तरी ही अंडी मरत नाहीत. पुन्हा पाणी मिळालं की फुटतात."

बुवांनी पुढच्या गावचा रस्ता धरला. भावानं भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे तिच्या उशाशी मीच डास पाळत होतो? शेजारची म्हातारी परवा तापानंच गेली. तिलाही आमच्याकडचाच चावला असेल?"

ताईला खोटं बोलवेना. "सांगता येत नाही, दादा."

वहिनी वाचली. भाऊ आता दारोदार मडकी रिकामी करून घासत हिंडतो. काही जण अजून दार लावून घेतात.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," तो बाहेरूनच सांगतो. "मीही ठेवला होता एकावर. एक मडकं घासा, एक तसंच ठेवा, दोन्हींत पाणी भरून तोंडं बांधा. आणि उद्या स्वतः बघा."