खिचडीसमोरचा तक्ता

मी एक जुना तक्ता आहे, तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेच्या व्हरांड्यात टांगलेला. इंग्रजी शिकवणाऱ्या वर्षाबाईंनी मला पुठ्ठ्यावर निळ्या रंगात रंगवले: 'पुट अप विथ – नकोशी गोष्ट निमूटपणे सोसणे.' खाली उदाहरण: 'वुई पुट अप विथ द हीट.' तालुक्याच्या शैक्षणिक साहित्य स्पर्धेत मला पहिले बक्षीस मिळाले. तेव्हा मी अभिमानाने फुगलो होतो. आता ओलीने फुगतो.

मित्रांनो, माझ्यासमोर मुले रोज जेवायला बसतात. खिचडीत अळ्या असतात. पांढऱ्या, काळ्या डोक्याच्या, शिजून मऊ झालेल्या. मुले त्या बोटाने ताटाच्या कडेला लावतात आणि उरलेले खातात.

सातवीतल्या नवशीने मुख्याध्यापक परेश सरांना ताट दाखवले. सर म्हणाले, "बाजूला काढ नि खा. घरी काय बासुंदी मिळते?" तिची धाकटी बहीण शितल त्याच खिचडीने दोन दिवस ओकत राहिली, तेव्हा नवशी पुन्हा गेली.

"तू लीडर झालीस काय गं?" एवढेच उत्तर मिळाले.

मग डहाणूहून तपासणीचे साहेब आले, तेही ऐन जेवणाच्या वेळी. मला वाचून खूश झाले. समोरच्या नवशीला म्हणाले, "यावर वाक्य सांगशील? नवीन हां, वरचं नको."

नवशी ताट घेऊन उठली. ते साहेबांच्या पुढ्यात धरून म्हणाली, "वुई पुट अप विथ वर्म्स इन खिचडी, सर."

परेश सरांचा चेहरा उतरला. साहेबांनी ताटात पाहिले आणि नाकाला रुमाल लावला.

"वा," ते रुमालातून म्हणाले. "पाड्यावरची पोर इंग्रजी बोलते. सर, तुमचं कौतुक आहे."

"साहेब, खऱ्याच अळ्या हायेत. माझी बहीण..."

"समजलं, समजलं. बस, जेव."

सरांनी दिलेली घोलवडच्या चिकूंची पेटी जीपमध्ये ठेवून साहेब गेले. शेऱ्यात त्यांनी लिहिले: इंग्रजीची प्रगती उत्तम.

दुसऱ्या दिवशी सरांनी नवशीचे वाक्य माझ्यावर लाल रंगात लिहिले. आता जेवणाआधी सगळी शाळा ते एका सुरात म्हणते आणि मग ताटे पुढे करते. शितलही म्हणते. नवशी तेवढी ओठ मिटून बसते.

मित्रांनो, तक्ते जपा, असे मी सांगणार नाही. मला खुशाल फाडून चुलीत घाला. फक्त वर भांडे ठेवण्याआधी तांदूळ निवडा.